हांकेला ओ

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांना अंगणांतल्या निजेचें सुख निराळें सांगावयास नको. अकोल्यास माझ्या माहेरीं वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, कीं रात्रीं सारें घर बाहेर येई. ओळीनें खाटा पडत, पाण्याचा माठ उशाशीं येई, आणि वाड्याचा दिंडीदरवाजा नुसता लोटलेला असे. चोराचें भय आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं, परंतु गल्लींत अनोळखी पाऊल वाजलें तर निदान चार खाटांवरून "कोण तें?" असा प्रश्न उठेल, एवढी खात्री होती. त्या प्रश्नाच्या आधारावर आम्ही निजत होतों, हें मात्र मला चाळिशी उलटल्यावर, आणि तेंही सातासमुद्रांपलीकडे गेल्यावर कळावयाचें होतें.

यजमानांना त्रिनिदाद येथें दोन वर्षांची नेमणूक मिळाली आणि २०२४ च्या पावसाळ्याअखेर अमरावतीचें घर सोडून आम्ही मुलीसह तिकडे गेलों. हें बेट दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याला अगदीं खेटून आहे. शेजारचें टोबॅगो जमेस धरूनही सारें राष्ट्र आपल्या एकट्या अकोला जिल्ह्याहून लहान. वस्तीही जिल्ह्याहून कमी, सुमारें १४ लाख. त्यांतील एकतृतीयांशाहून अधिक लोक हिंदी वंशाचे. ३० मे १८४५ रोजीं 'फातेल रझाक' नांवाचें जहाज कलकत्त्याहून दोनशेंवर मजूर घेऊन तेथें लागलें, आणि १९१७ पर्यंत सुमारें १ लाख ४० हजार माणसें करारावर उंसाच्या मळ्यांत राबावयास गेलीं. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतलीं. भाषा आतां इंग्रजी झाली. पण शेजारच्या घरांतील मुलें बापाच्या आईला 'आजी' म्हणून हांक मारतांना मीं पहिल्याच दिवशीं ऐकलें, आणि माझे डोळे भरून आले. कारापिचैमा गांवीं २००३ सालीं उभारलेली ८५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ति पाहून मला तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचीच आठवण झाली. वाटलें, येथें परकें वाटण्याचें कारण नाहीं.

हा समज आठ दिवसही टिकला नाहीं. खिडकीला गज आपल्याकडेही असतात. तेथें ओसरीसुद्धां कठड्यापासून छतापर्यंत गजांनीं बंद केलेली. स्नेह्यांनीं नियमांची यादी सांगितली. अंधार पडल्यावर पायीं हिंडूं नये. भाड्याच्या मोटारींत बसण्यापूर्वीं पाटीवरचें पहिलें अक्षर पाहावें: 'एच्' असेल तर परवान्याची गाडी, 'पी' असेल तर खासगी, तींत बसूं नये. २०२० च्या अखेरीस आणि २०२१ च्या आरंभीं तरुण मुली भाड्याच्या मोटारींत बसून गेल्या त्या जिवंत परतल्या नाहींत. त्या वेळीं सारें बेट मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आलें होतें. आणि अंगावर सोनें घालूं नये, हा शेवटचा नियम. मीं मंगळसूत्र पेटींत ठेविलें व गळ्यांत नुसती काळी पोत घातली. अमरावतीस दूरध्वनीवरून सासूबाईंना हें सांगतांना माझा आवाज कापला. त्या एवढेंच म्हणाल्या, "पोत आहे ना? मग झालें. जीव सांभाळ."

तें भय काल्पनिक नव्हतें. त्या एका वर्षांत या चिमुकल्या राष्ट्रांत ६०० हून अधिक खून झाले. व्हेनेझुएलाचा किनारा कांहीं कोसांवर असल्यामुळें समुद्रमार्गें बंदुका व अमली पदार्थ येतात, आणि टोळ्यांच्या वैरांत बहुधा गरीब वस्त्यांतील तरुण पोरेंच मरतात. ३० डिसेंबर २०२४ रोजीं सरकारनें आणीबाणी पुकारली; पोलिसांना वॉरंटावांचून झडती घेण्याचा अधिकार मिळाला. पुढें २०२५ च्या जुलैंतही तोच उपाय पुन्हां योजावा लागला.

फेब्रुवारींतील एके रात्रीं यजमान टोबॅगोस गेले असतां वीज गेली. थोड्या वेळानें फाटकाची कडी वाजली. एकदां, दोनदां. कोणीतरी जाड्या आवाजांत हांक मारली. मीं मेणबत्ती फुंकली, आणि मुलीला पोटाशीं धरून न्हाणीघरांत जाऊन बसलें. पावलें दूर गेलीं तरी पहांटेपर्यंत आम्ही तेथेंच होतों.

सकाळीं फाटकाच्या खांबावर मेणबत्त्यांचा पुडा आणि एक विजेरी ठेविलेली दिसली. समोरच्या घरांतील वृद्ध आफ्रिकी वंशाची बाई रात्रीं ती घेऊन आली होती. तिला सारी आळी 'टँटी', म्हणजे मावशी, म्हणते. मी ओशाळून क्षमा मागावयास गेलें.

ती म्हणाली, "दार उघडलें नाहींस तें बरोबर केलेंस. पण ओ कां दिली नाहींस? तूं आंत धड आहेस कीं नाहीं, हें मला कसें कळावें?"

मग बोलतां बोलतां तिनें सांगितलें, कीं चार वर्षांपूर्वीं पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या लाव्हेंटिल वस्तींत तिचा नातू गोळीला बळी पडला. मीं विचारलें, "तुम्हांला येथें भय वाटत नाहीं?"

"वाटतें तर! म्हणून तर मी हांका मारतें."

त्या दिवसापासून आमच्या आळींतील पांच घरच्या बायका रात्रीं नऊला एकमेकींना दूरध्वनि करतात. बोलणें दोन वाक्यांचें, पण चुकवावयाचें नाहीं. गज तसेच आहेत, नियम तसेच आहेत. धोका रतिभर कमी झालेला नाहीं. एकटेपण मात्र गेलें. शिवाय हेंही उमगलें, कीं आमची मुदत संपली म्हणजे आम्हांला परतीची वाट आहे. टँटीला हेंच घर आहे. आमच्या भयाची फार फुशारकी मिरवूं नये.

परंतु वाचकहो, ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट निराळीच आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं अमरावतींत दंगल उसळली, संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालें. त्या दिवसांत मी अंबापेठेंतील आमच्या घरांत होतें. भय वाटलें, पण असें नव्हे. दूधवाला मागच्या बोळानें आला; शेजारच्या काकांनीं भिंतीवरून विचारपूस केली; सासूबाई निवांतपणें पोथी वाचीत होत्या. आमच्या माडीवर त्या वेळीं केरळांतील दोन परिचारिका भाड्यानें राहत होत्या. त्यांना खोली देण्यापूर्वीं आम्हीं शंभर प्रश्न विचारले होते: जात कोणती, खातां काय, येणार कोण, जाणार कोण. संचारबंदीच्या त्या दिवसांत मात्र "मुलींनो, ठीक आहांत ना?" हा एक प्रश्न कोणीं विचारला नाहीं. वर दिवा लागत नव्हता, एवढें मला आठवतें. अंधारांत त्या कां बसल्या असतील, हें मला त्रिनिदादच्या न्हाणीघरांत समजलें.

मीं सासूबाईंना हें सारें सांगितलें आणि विचारलें, "आई, आतां माडीवर ज्या मुली आहेत त्यांचीं नांवें काय हो?"

त्या घुटमळल्या. म्हणाल्या, "कराराच्या कागदावर असतील. भाडें वेळेवर देतात. पाहून सांगतें, सूनबाई."

तीन दिवसांनीं त्यांचाच दूरध्वनि आला. नांवें तर त्यांनीं सांगितलींच. पण एकीची रात्रपाळी असते, दुसरीला आपला ठेचा सोसत नाहीं, आणि दोघींच्या घरीं म्हाताऱ्या आज्या आहेत, हेंही सांगितलें. मग जरा थांबून म्हणाल्या, "आतां रात्रीं जिना चढतांना 'आजी, आलों' म्हणून आवाज देतात. तोंवर मला झोंप येत नाहीं बघ."