मालकाच्या गरजेवर बेतलेला कायदा

कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या परिसरात ऑगस्टअखेर बेदाण्याचा हंगाम सुरू होतो. वेलीवरचे घड कापायचे, दोन ओळींमधल्या तापलेल्या मातीवर कागद अंथरून त्यावर पसरायचे. मजुरी दर कागदामागे. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या पाहणीनुसार पिकांवर राबणाऱ्या साधारण चाळीस टक्के मजुरांकडे कामाचा परवाना नाही. माझी इमिग्रेशनची वकिली याच लोकांमध्ये चालते. समोर बसलेला प्रत्येक जण विचारतो, ‘लिसेन्सियादा (वकीलबाई), कायदा होणार का?’

एकदा झाला होता. 6 नोव्हेंबर 1986 रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि पुढे सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्यांतले दहा लाखांहून अधिक शेतमजूर होते. त्यांच्यासाठी वर्षभरात 90 दिवस शेतीकाम केल्याचा पुरावा पुरेसा धरला गेला. ही सवलत मजुरांच्या कळवळ्यातून आली नव्हती. हात कमी पडतील या धास्तीने पश्चिमेकडच्या बागायतदारांनी रेटा लावला आणि त्यातून ती तडजोड निघाली.

तो रेटाच आता ओसरतो आहे. हंगामी शेतकामाच्या एच-टू-ए व्हिसाला वार्षिक मर्यादा नाही. 2005 मध्ये या व्हिसाखाली सुमारे 48 हजार जागा मंजूर झाल्या होत्या, 2023 मध्ये पावणेचार लाखांहून अधिक. मालकाला राहण्याची सोय आणि प्रवासखर्च द्यावा लागतो, पण मजूर त्याच्याशी बांधलेला राहतो आणि हंगाम संपला की परत जातो. ज्याला असा मजूर मिळतो, तो वीस वर्षं इथे राबलेल्या माणसासाठी वॉशिंग्टनमध्ये कशाला भांडेल? अपवाद दूधवाल्यांचा. त्यांचं काम बारमाही, त्यामुळे हा व्हिसा त्यांच्या उपयोगाचा नाही. आयडाहो हे दुधाचं राज्य. तिथले रिपब्लिकन खासदार माइक सिम्पसन शेतमजुरांना कायदेशीर दर्जा देणाऱ्या विधेयकासाठी झटले, याचं मला नवल वाटत नाही.

हे विधेयक प्रतिनिधीगृहात 2019 आणि 2021 मध्ये, काही रिपब्लिकन मतांसह, मंजूर झालं. सिनेटमध्ये वादग्रस्त विधेयक पुढे न्यायला साठ मतं लागतात. तिथे ते थांबलं. 2022 च्या अखेरीस बोलणी फिसकटली, तेव्हा एक मोठी अडचण होती ती व्हिसावरच्या मजुरांना मालकावर केंद्रीय न्यायालयात दावा लावण्याचा हक्क देण्याची. शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेला तो मान्य नव्हता.

समजा, उद्या ते मंजूर झालंच. दोन वर्षांत 180 दिवस शेतीकाम केल्याचा पुरावा लागेल. माझ्याकडे बाया प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. पगाराच्या चिठ्ठीवर नाव चुलतबहिणीचं, कारण सोशल सिक्युरिटी नंबर तिचा वापरलेला. काही आठवडे मुकादमाने रोख दिले, त्यांची नोंदच नाही. आणि तो मुकादम आता दुसऱ्याच नावाने धंदा करतो. म्हणजे मतांसाठी मालकाच्या मर्जीवर अवलंबून, आणि पुराव्यासाठीही त्याच्याच.

‘रांगेत उभे का राहत नाहीत?’ असं आपल्याकडची मंडळी विचारतात, विशेषतः ज्यांची मुलं ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं ताटकळली आहेत. त्यांचा राग मला समजतो. पण अकुशल कामगारांना नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड देण्याची कायद्यातली कमाल मर्यादा वर्षाला दहा हजार आहे, तीही सर्व देशांची आणि कुटुंबीय धरून. या मजुरांसाठी ती रांग नावापुरतीच आहे.

म्हणून मी माझी आशा दुसऱ्या तरतुदीवर ठेवते. 1929 पासून कायद्यात अशी सोय आहे, की ठरावीक तारखेआधी येऊन इथेच राहिलेला, सद्वर्तनी माणूस ग्रीन कार्ड मागू शकतो. ती तारीख अनेकदा पुढे सरकवली गेली. शेवटची 1986 मध्ये. तेव्हापासून ती 1 जानेवारी 1972 वरच आहे. ती हलवण्याची विधेयकं 2022 पासून मांडली जात आहेत. इथे प्रश्न कोणाकडे काम केलं हा नाही, किती वर्षं राहिलात हा आहे. भाडेपावती, मुलांचे शाळेचे दाखले, दवाखान्याची बिलं, करभरणा: हे ज्याचं त्याच्या घरात असतं.

सिनेटचं गणित पाहता, यांतलं काहीही लवकर होईल असं मी कोणाला सांगत नाही. ‘यादीत नाव घालतो’ म्हणून पैसे उकळणारे दलाल मात्र प्रत्येक बातमीनंतर गावोगाव फिरतात. अशी यादी नाही, अर्जही नाही. कायदा सहीनिशी होईपर्यंत कोणालाही एक डॉलर देऊ नका, आणि भाड्याची पावती मागून घ्या.