टाकीपासून धुरापर्यंत

डिझेल गाडी सुरू होत नसेल तर टाकीपासून बघत यायचं, असा आमच्या घरात दंडक होता. इंजिनापासून नाही. आधी टाकी, मग तिच्यातून येणारा पाइप, फिल्टर, पंप, नोझल आणि सगळ्यात शेवटी धूर. माझे वडील, अण्णा, हा क्रम कुणाला मोडू देत नसत. शेजारी उभं राहून कुणी ‘पंपच गेला असणार’ म्हणालं, तर ते काही न बोलता गाडीखाली शिरायचे आणि टाकीच्या बाजूने पाइप चाचपत यायचे. पंप उतरवणं म्हणजे हजारोंचा खर्च आणि पाइपाची क्लिप आवळणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. स्वस्तातलं आधी बघून घ्यायचं, हा त्यामागचा हिशोब मला पुष्कळ उशिरा उमगला. लहानपणी एवढंच ठाऊक होतं, की बॅटरी धरायला मी लागते. ‘उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड,’ हे वाक्य मी अभ्यासाच्या पाढ्यांइतकं ऐकलं आहे.

आमची शेती जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. गाडी टाटाची 207 डीआय, सेकंडहँड घेतलेली. टाटांच्या टेल्कोने 1988 साली टाटामोबाइल 206 आणली, 207 तिच्याच घराण्यातली. पुढे तिच्यात 497 इंजिन आलं आणि गाडीचा नूरच पालटला. या 497 आकड्यात इंजिनाची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर 97 मिलिमीटर. पिस्टनची धाव 100 मिलिमीटर. अण्णांनी मला एकदा वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार करायला लावला होता. उत्तर 2956 घन सेंटिमीटर आलं, तेव्हा त्यांनी आरसी बुकात तोच आकडा काढून दाखवला. गणितातलं वर्तुळाचं क्षेत्रफळ खरोखर कुठेतरी असतं, हे मला त्या दिवशी पटलं.

त्या इंजिनात कॉम्प्युटर नव्हता, सेन्सर नव्हते. पेट्रोलसारखी ठिणगीही नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. ते आपोआप पेटतं. एकदा धडधडायला लागलं की त्याला बॅटरीचीही गरज उरत नसे. म्हणून अण्णा गाडी नेहमी उतारावर, तोंड रस्त्याकडे करून लावत. सेल्फ उचलत नसला तरी दुसरा गिअर टाकून माल वेळेवर निघायचा. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटमधला टोमॅटो सकाळच्या भावासाठी थांबतो, मिस्त्री येईपर्यंत थांबत नाही. आई क्रेट मोजत उभी असे, तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला किती उशीर झालाय ते कळे. घरी पाने बाळगायचे ते यासाठी. हौस त्यात नंतर आली.

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ खाते ती हवा. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लाइनमध्ये बुडबुडा शिरला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो, नोझलची सुई उचललीच जात नाही आणि गाडी सेल्फवर नुसती घरघरत राहते. याला ‘गाडीने हवा धरली’ म्हणतात. हवा काढायची पद्धत साधी आहे: फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर मारत राहायचं. आधी फेस येतो, मग फुटका प्रवाह, मग एकसंध स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तरीही सुरू झाली नाही तर पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नोझलच्या टोकाचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल पाझरलं की आवळायचे. गाडी सुरू असताना या पाइपांवर गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, बोट कधीच नाही. तिथला फवारा कातडीत सरळ शिरतो, आणि जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं.

पण हवा काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती आली कुठून, हे सापडायला हवं. एका उन्हाळ्यात आमची गाडी रात्री उभी केली की सकाळी हवा धरायची, आणि दिवसभर मात्र ठीक चालायची. बाहेर डिझेलचा थेंब गळत नव्हता. हीच यातली मेख आहे: टाकीकडून येणाऱ्या पाइपात ओढ असते, म्हणून तिथली बारीक चीर डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. अण्णांनी गवंड्याकडून लेव्हलच्या पारदर्शक नळीचा तुकडा मागून आणला आणि फिल्टरच्या अलीकडे जोडला. बुडबुडे डोळ्यांना दिसायला लागले. मग तो तुकडा एकेक जोड मागे सरकवत टाकीकडे न्यायचा. जिथे बुडबुडे थांबले, त्याच्या फिल्टरकडच्या बाजूला चीर. क्लिपखालच्या रबराचं वय झालं होतं, इतकंच. वीतभर नवा पाइप टाकला. एवढ्या स्वस्त वस्तूने दोष नजरेला पडलेला मी पुन्हा फार क्वचित पाहिला, आणि कारण शोधण्यातला आनंद म्हणतात तो मला पहिल्यांदा तिथे, मातीत पालथी पडलेली असताना मिळाला.

पावसाळ्यात हवेच्या जोडीला पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या दमटपणाचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात टाकी रात्रीच भरायची आणि फिल्टरच्या बुडाचा स्क्रू अधूनमधून उघडून पाणी सोडायचं. कॉलेजात असताना कल्याणला माल उतरवून माळशेजने परत येताना चढावर गाडीने मान टाकली. वाटेत भरलेल्या डिझेलात पाणी होतं. गाडी मी चालवत होते. चाकांना दगड लावले, फिल्टरमधलं पाणी सोडलं, प्रायमर मारला. धुकं इतकं होतं की केबिनही नीट दिसत नव्हती. अण्णा आत बसून राहिले, खाली उतरले नाहीत. त्यांना पाठदुखी होती, पण ते कारण नव्हतं.

पंपाला मात्र घरी हात लावायचा नाही. त्यातल्या प्लंजर आणि बॅरलमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागातलं अंतर असतं. कारखान्यात जोडी एकमेकांत घासून बसवतात, एकीचा प्लंजर दुसरीला चालत नाही. धुळीचा कण गेला तरी जोडी संपली. ते काम पंपवाल्यांचं. त्यांच्या दुकानांवर अजून ‘मायको’ लिहिलेलं असतं. ती कंपनी 1951 साली निघाली, नाशिकला तिचा नोझलचा कारखाना आला, 2008 मध्ये तिचं नाव बॉश झालं. नाशिककरांनी चौकाला मायको सर्कल म्हणणं काही सोडलं नाही. नोझल आम्ही घरी काढायचो आणि तपासायला त्या दुकानात न्यायचो. हातदांड्याच्या मशीनवर चांगली नोझल करकरत धुकं सोडते, वाईट नोझल थेंब गाळते. नोझलखालचं तांब्याचं वॉशर नवंच टाकायचं. मिळालं नाही तर जुनं गॅसवर लाल करून पाण्यात टाकलं की तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. पोलादाचं नेमकं उलटं, तापवून पाण्यात टाकलं की ते कडक होतं. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण धातूंचे स्वभाव त्यांना माणसांच्या स्वभावाइतके पाठ होते.

लग्नानंतर मी नारायणगावजवळ रोपवाटिका काढली. अण्णांनी शेती कमी केली तेव्हा गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यावर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे जाऊ लागले. आमच्या गच्चीवरून खोडदच्या दुर्बिणीच्या थाळ्या दिसतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या या परिसरात पसरल्या आहेत. अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या अशाच मोठ्या रेडिओ दुर्बिणीजवळ डिझेल गाड्याच नेतात, त्यातही जुन्या. पेट्रोल इंजिनाची प्रत्येक ठिणगी रेडिओ लहर सोडते आणि आकाशातून येणारा क्षीण संदेश तिच्याखाली बुडतो. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. इतका कानठळ्या बसवणारा आवाज करणारं इंजिन दुर्बिणीच्या लेखी शांत आहे.

गाडी माझ्याकडे येईपर्यंत अण्णांचे कान गेले होते. पूर्वी ते लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ऐकत. आता त्याचा उपयोग नव्हता. एकदा गाडी सुस्त उभी असताना थरथरत होती, एक सिलिंडर मारत नव्हता. मी रीतीप्रमाणे पाना घेतला: प्रत्येक नोझलचा नट पाळीपाळीने सैल करायचा, ज्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. अण्णांनी माझा हात धरून थांबवलं. नोझलकडे जाणारे चारही बारीक पाइप त्यांनी एकेक करून दोन बोटांत धरले. डिझेलचा प्रत्येक हबका त्या पोलादातून बोटांना जाणवतो. तिसऱ्यापाशी ते थांबले. मी नट सैल केला, आवाज बदलला नाही. नोझल काढली तर सुई चिकटली होती. त्यांनी मलाही ते पाइप धरायला लावले, डोळे मिटून. मला चारही सारखेच वाटले. आता फरक कळतो, त्याला काही वर्षं गेली.

क्रमातला शेवटचा टप्पा धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर बघा, नोझल बघा. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या. ऑइलचं झाकण उघडलं तर बॅक कॉम्प्रेशन मारत असतं. गार इंजिनाचा थोडा पांढरा धूर चालतो, तापल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटकडे संशय. अण्णांसाठी धूर ही एवढीच खूण होती. माझ्या मुलीसाठी तसं नाही. तिने मला सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. तिचं म्हणणं खरं आहे आणि मी त्यावर वाद घातला नाही. शेडमध्ये गाडी चालू ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं.

बीएस-फोरच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीच्या धूरमापकावर 65 चा आकडा ओलांडता येत नाही. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाने या आकड्याच्या फार आत राहायला हवं. टायमिंग बरोबर, नोझल तपासलेल्या, टॅपेट मापात, एअर फिल्टर स्वच्छ, एवढं असेल तर राहता येतं. जे लोक फिटनेसपुरता पंप कमी करून घेतात आणि बाहेर पडल्यावर परत वाढवतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. गाडीच्या प्रेमाच्या गोष्टी त्यांनी सांगू नयेत. ज्या वर्षी सगळं करूनही धूर आवरणार नाही, त्या वर्षी ही गाडी मी स्वतः भंगारात देईन, आणि अण्णांनाही ते मान्य आहे.

यंदाचा आकडा चांगला आला. पाऊस सुरू व्हायच्या आत किंगपिन बदलायचे आहेत आणि मागचा मेन पाटा बघायचा आहे. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, म्हणून आणखी दोन लोखंडी घोड्या आणायला सांगितल्या आहेत. बॅटरी धरायला मुलगी येते म्हणाली.