अजिंठ्याच्या प्रती आणि संगणकाची मर्यादा

१/ अजिंठ्याची चित्रे जगाला प्रथम ओळखीची झाली ती प्रतींतून. रॉबर्ट गिल यांनी १८४०च्या दशकात प्रती रंगवायला घेतल्या आणि जवळपास दोन दशके ते त्यात गुंतले. त्यांतील बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली.

२/ त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा त्याच भिंतींसमोर बसले. अखंड भिंत एका कॅनव्हासवर मावणारी नव्हती. म्हणून एकेका भागाची स्वतंत्र प्रत झाली. यांतीलही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाल्या.

३/ पुढे निजाम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ दरम्यान छायाचित्रांवर आधारलेले चार भाग सिद्ध केले. अशा मोठ्या आकाराच्या ग्रंथांतील चित्रपत्रे स्कॅन करताना ‘मावत नाही’ ही जुनीच अडचण नव्या रूपात उभी राहते.

४/ गणित साधे आहे. २० × १५ इंचांचे पान दर इंचाला ६०० बिंदूंनी स्कॅन केले, तर १२,००० × ९,००० म्हणजे १०.८ कोटी पिक्सेल होतात. प्रत्येकी तीन बाइट धरल्यास ३२४ मेगाबाइट. २५६ मेगाबाइट रॅमच्या जुन्या संगणकात हे चित्र मावतच नाही. मग फोटोशॉप हार्ड डिस्कचा आधार घेते आणि साध्या फेरफारालाही मिनिटे लागतात.

५/ २००३ पूर्वीच्या फोटोशॉपमध्ये चित्राची एक बाजू ३०,००० पिक्सेलपलीकडे जात नसे. दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर ही मर्यादा १०० इंचांवर, म्हणजे जेमतेम अडीच मीटर भिंतीवर संपते.

६/ सोपा मार्ग चित्र लहान करण्याचा. परंतु लांबी-रुंदी निम्मी केली की तीन-चतुर्थांश पिक्सेल जातात. बारीक तडे आणि कुंचल्याच्या कडा प्रथम पुसल्या जातात. त्याऐवजी कडा एकमेकींवर येतील असे तुकडे पाडावेत, एकेका तुकड्यावर काम करावे आणि मूळ स्कॅनला हात लावू नये.

७/ रंगांचा मोहही आवरावा लागतो. पूर्वी प्रती काढणाऱ्यांनी भिंतींवर लावलेले वार्निश कालांतराने पिवळे पडले. पडद्यावर तो पिवळेपणा एका क्लिकने नाहीसा करता येतो. पण त्यासोबत त्या हस्तक्षेपाचा पुरावाही नाहीसा होतो.

८/ म्हणून प्रत्येक प्रतीसोबत नोंद हवी: कोणत्या पानावरून, किती बिंदूंनी स्कॅन केले, काय कापले, कोणता रंग बदलला. आणि मूळ स्कॅन किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेला हवा. लंडनमधील दोन आगींनंतर एवढी खबरदारी अवाजवी म्हणता येणार नाही.