साडेचाळीस अंशांचा शेजार

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही घर घेतलं तेव्हा व्याजाचा दर, मालमत्ता कर, शाळेची कीर्ती, तळघरात पाणी येतं का, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. घराचा अक्षांश मात्र कुणी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. तो मला सांगितला कुंपणापलीकडच्या आबांनी. साडेचाळीस. बाकीचं देणं त्या आकड्यामागून चढत गेलं.

आबा म्हणजे कुणी सातारचे-सांगलीचे नव्हेत. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावचे अमेरिकन, ऐंशी ओलांडलेले, उमेदीची वर्षं लेथवर घालवलेले. नावाने हाक मार, असं ते सांगत. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. माझ्या मुलीने परस्पर त्यांना ‘आबा’ करून टाकलं आणि त्यांनी ते बिनतक्रार लावून घेतलं.

२०२० साली सगळे घरात कोंडलेले असताना ज्या घरांनी दुर्बिणी मागवल्या, त्यांत आमचंही एक. ११४ मिलिमीटरचा आरसा, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर, २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस. इथपर्यंत ठीक होतं. पण तिपाईवर जे बसवायचं होतं ते इक्वेटोरियल माउंट पाहून घरात शांतता पसरली. एक अक्ष तिरका, दुसरा त्याला काटकोनात, एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला दांडीत ओवलेलं लोखंडी वजन, आणि लोंबणाऱ्या दोन लवचीक दांड्या. नवऱ्याने पुस्तिका वाचली, पुन्हा वाचली आणि ऑफिसचा कॉल आहे म्हणून वर गेला.

मी गॅरेजसमोर ती जुळवत बसले होते. आबा कुंपणाशी आले, तोंडावर मास्क, हात कोटाच्या खिशात. त्यांच्या फुप्फुसांचं जुनं दुखणं होतं, त्यामुळे डॉक्टरांची सक्त ताकीद: कुणाच्या जवळ जायचं नाही, कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. आयपीसला डोळा लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तो सबंध हिवाळा त्या माणसाने माझी दुर्बीण एकदाही न हाताळता, कुंपणाच्या त्या बाजूने, नुसत्या तोंडाने मला शिकवली.

पहिला धडा तोलाचा. “तारे नंतर. आधी तिला झोपव,” ते म्हणाले. ध्रुवाकडच्या अक्षाचा क्लच ढिला करायचा, वजनाची दांडी जमिनीला समांतर आणायची आणि हात सोडायचा. नळीची बाजू खाली गेली तर वजन दांडीवर बाहेर सरकवायचं, वजनाची बाजू गेली तर आत. मग दुसऱ्या अक्षाचा क्लच सोडून नळी कड्यांमध्ये पुढेमागे करायची. मी वजन इंचभर सरकवत होते. ते तिकडून म्हणत, “अर्ध्याचं अर्धं.” शेवटी एका क्षणी हात काढला आणि सगळा डोलारा जागच्या जागी राहिला, बोटाने ढकलावा तिथे जाऊन थांबू लागला. आयपीस लावला की हा तोल पुन्हा किंचित बिघडतो, म्हणून आयपीस लावूनच तोल बघायचा, हेही त्यांचंच.

मग अक्षांश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आकाश आपल्यावरून सरकताना दिसतं. ९० पट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून शनी दोनेक मिनिटांत कडेला जाऊन नाहीसा होतो. साध्या स्टँडवर त्याचा पाठलाग करायचा तर वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्ही हालचाली सतत कराव्या लागतात. पण तोच एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर केला, की एकच दांडी सावकाश फिरवायची आणि शनी समोर बसून राहतो. समांतर करायचा म्हणजे क्षितिजापासून स्थळाच्या अक्षांशाइतका उचलायचा. बाजूच्या पट्टीवर पुण्याला साडेअठरा, इथे साडेचाळीस. जात्याचा खुंटा असावा तसा ध्रुव. खुंटा नीट बसला की पाळू आपसूक फिरते.

ध्रुव पुण्यात मी क्वचितच पाहिलेला. साडेअठरा अंश म्हणजे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. इथे तो मेपलच्या शेंड्याच्याही वर, ठसठशीत. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही कमी अंतरावर आहे. डोळ्याने बघायला तेवढं पुरतं, फोटो काढणाऱ्यांनी पुढची डोकेदुखी घ्यावी.

पण संधिप्रकाशात ध्रुव दिसत नाही, तेव्हा होकायंत्र काढलं. आबांनी लगेच हात वर केला. न्यू जर्सीत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या १२-१३ अंश पश्चिमेला झुकते, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं जसं कुणी गल्लीतला खड्डा सांगावा. पुण्यात हा फरक जवळजवळ शून्य. तिकडे होकायंत्र वापरून वाढलेल्या माणसाला इथे सुई खोटं बोलते असं वाटेल. ती आपल्या जागी बरोबर असते, जागा बदललेली असते.

एवढ्या कुटाण्यापेक्षा नवशिक्याने साधा डॉब्सोनियन स्टँड घ्यावा, असं जाणकार सांगतात, आणि ते मला पटतं. तो लोकप्रिय करणारा जॉन डॉब्सन तर आपल्या ओळखीचा निघावा असा माणूस: १९१५चा जन्म बीजिंगचा, १९४४पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी. मठात दुर्बिणी बनवण्यात फार वेळ जातो म्हणून १९६७मध्ये बाहेर पडावं लागलं, आणि पुढे फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागला. आबांना डॉब्सनबद्दल आदर होता. त्याच्या स्टँडबद्दल नव्हता. “त्याची दुर्बीण ढकलावी लागते,” एवढंच म्हणत. यात स्प्रिंगफील्डचा अभिमान होता, हे मला पुढे कळलं.

ते गाव यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांचं. रसेल पोर्टर हा ध्रुवप्रदेश हिंडून आलेला चित्रकार १९१९मध्ये तिथे जोन्स अँड लॅमसन कारखान्यात लागला आणि त्याने कामगारांना आरसे घासायला शिकवलं. त्या हौशी मंडळींनी टेकडीवर स्टेलाफेन नावाचं घर बांधलं, १९२६पासून तिथे दुर्बीण बनवणाऱ्यांचे मेळे भरू लागले. पोर्टर पुढे कॅलिफोर्नियात पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आराखड्यांवर काम करायला गेला, तीही इक्वेटोरियलच. आबांचे वडील असल्याच एका कारखान्यात होते. दिवसभर इंचाच्या हजाराव्या भागाची चूक न खपवून घेणारी माणसं रात्री स्वतःच्या हाताने आरसा घासत. आबांच्या “अर्ध्याचं अर्धं”चा उगम तो.

त्या डिसेंबरात गुरू आणि शनी जवळ येत होते. २१ तारखेला त्यांच्यातलं अंतर जेमतेम सहा कला उरणार होतं. इतके जवळ ते १६२३नंतर आले नव्हते, आणि तेव्हाही सूर्यापाशी असल्याने बघण्यासारखे नव्हते. नीट दिसण्याजोगं त्याआधीचं साल १२२६. अडचण अशी की दोघे सूर्यास्तानंतर लगेच नैर्ऋत्येला खाली जाणार. ध्रुव दिसेपर्यंत थांबलं तर ते झाडांमागे. आबांनी तोडगा सांगितला: आदल्या निरभ्र रात्री ध्रुवावर दुर्बीण लाव आणि तिपाईचे पाय जिथे टेकलेत तिथे खुणा कर. खडू पुसला जाईल म्हणून मी मुलीचं लाल नेलपॉलिश घेतलं. आणि १६-१७ डिसेंबरला हिमवादळ आलं. ड्राइव्हवे फावड्याने साफ करताना तीन लाल ठिपके बर्फाखालून जसेच्या तसे निघाले.

त्या आठवड्यातल्या एका मोकळ्या संध्याकाळी पाय ठिपक्यांवर ठेवले. आरसा निवावा म्हणून नळी अर्धा तास आधीच बाहेर. आयपीस भलत्याच बाजूला आला, तेव्हा कडी सैल करून नळी तिच्या जागीच फिरवली आणि आयपीस माझ्या उंचीला आणला. दहाचा आयपीस. एकाच वर्तुळात गुरू, त्याचे चंद्र आणि तिरपा, कडं घातलेला शनी. मुलगी ओरडली. आबा कुंपणामागे द्विनेत्री घेऊन उभे होते. त्यातून त्यांना कडं दिसणं शक्य नव्हतं. “चंद्र कोणत्या बाजूला?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “म्हणजे त्याच्या उलट,” ते स्वतःशीच म्हणाले आणि आमच्या सांगण्यावरून वहीत चित्र काढू लागले.

मी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कुंपणावर ठेवला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, तरी तो भरूनच आला: आत पितळेची एक मूठ, लेथवर घडवलेली, कडेला बारीक खाचा पाडलेली. अक्षांशाचा स्क्रू फिरवायला दिलेली प्लॅस्टिकची मूठ थंडीत बोटांना कापते, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. माप त्यांनी नुसत्या नजरेने घेतलं होतं आणि मूठ बसली.

वसंतात लस झाली आणि ते पहिल्यांदा कुंपणाच्या अलीकडे आले. दुर्बिणीतून बघण्याआधी त्यांनी क्लच सोडला, वजनाला हात लावला, ते नखभर आत घेतलं. मग मी त्यांना सप्तर्षींमधले वसिष्ठ आणि अरुंधती दाखवले, लग्नात नवरीला काय बघायला सांगतात ते सांगितलं. अगस्त्य दाखवता येईना. तो दक्षिणेचा, साडेसदतीस अंशांच्या वर उत्तरेला राहणाऱ्याला तो उगवतच नाही. पुण्यात ध्रुव उत्तरेला जेवढा वर, जवळजवळ तेवढाच अगस्त्य दक्षिणेला. पावसाळा सरताना तो पहाटे दिसू लागला की नद्यांचं पाणी निवळतं असं आमच्याकडे मानतात, हे ऐकून त्यांनी वहीत टिपून घेतलं. ऐंशी वर्षं आकाश बघितलेल्या माणसाने तो तारा पाहिला नव्हता.

पुढे त्यांनी घर विकलं आणि थंडी सोसत नाही म्हणून फ्लोरिडात, टॅम्पाजवळ, एका कॉन्डोत राहायला गेले. जानेवारीच्या शेवटी एका रात्री फोन आला. त्यांचं माउंट अठ्ठावीस अंशांवर आणायचं तर जुना बोल्ट गंजून बसलेला, त्यावर सगळी दुपार गेली. आवारातले दिवे संस्था रात्री अकराशिवाय विझवत नाही. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी अर्ज दिला तर त्यावर चर्चा झाली ती कुत्र्यांची. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “तुझा म्हातारा दिसला.” मग जरा नाराजीनेच विचारलं, की वसिष्ठाशेजारी त्याची बायको आहे, मग हा एकटाच का? मी अगस्त्याच्या बायकोची, लोपामुद्रेची गोष्ट सांगायला घेतली. अर्ध्यावर त्यांनी मला थांबवलं. दिवे विझले होते. ते आधी बाहेर जाऊन येणार होते.