ट्यूरिनची बोली

ट्यूरिनच्या कमानदार ओवऱ्यांतून हिंडतांना आपण इटलींत आहों कीं फ्रान्सांत, असा प्रश्न मला वारंवार पडे. येथील राजघराणें मूळचें आल्प्सपलीकडील सॅव्हॉयचें. शिवाय १८०२ ते १८१४ हें शहर फ्रान्समध्येंच मोडत होतें. त्या राजवटींत, १८१० सालीं, येथें जन्मलेल्या काव्हूरला इटालियनपेक्षां फ्रेंच अधिक सफाईनें येई. पण इटलीच्या एकीकरणाचें राजकारण चालविलें तें त्यानेंच, आणि त्यापायीं १८६० मध्यें खुद्द सॅव्हॉय फ्रान्सला देऊन टाकलें! पुढच्याच वर्षीं नव्या राष्ट्राचे प्रतिनिधी येथल्या कारिन्यानो राजवाड्याच्या आवारांत जमले. परभाषा ओठीं बसली कीं स्वदेश पोटांतून उठतो, असें म्हणणाऱ्यांनीं हा राजवाडा एकदां अवश्य पाहावा.