पूर इथे, पाऊस वर

पावसाळ्यात प्रकाशाच्या घाटावर तापीचं पाणी चढायला लागलं, की आमच्याकडे आधी विचारतात, ‘हतनूरचे दरवाजे उघडले का?’ पूर इथे दिसतो, पाऊस वर कुठेतरी झालेला असतो.

हे माहीत असूनही मायचे पाय सुजले, तेव्हा आम्ही पायांकडेच बघत राहिलो.

सकाळी डोळे सुजलेले, संध्याकाळी चप्पल पायात जाईना. कुणी म्हणालं मीठ सोडा, कुणी म्हणालं वय झालं. ‘माले काय व्हयनं?’ म्हणत ती रोज केदारेश्वराला जात राहिली. लघवीला साबणासारखा फेस येतो, हे तिने लाजेपोटी महिनाभर सांगितलंच नाही.

तपासणीत लघवीतून प्रथिनं वाहून जाताना दिसली. शुगर नाही, बीपी नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘आधी कसलं ऑपरेशन?’ मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. मायने पदर जरा सारून छातीवरचा उभा व्रण दाखवला. चार वर्षांपूर्वीची थायमसची गाठ. माझ्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. किडनीच्या डॉक्टरांना छातीचं काय सांगायचं?

थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. आपलं कोण, परकं कोण, हे टी-पेशी तिथे शिकतात. वयात आल्यावर ती आक्रसत जाते. तिथे गाठ झाली की हे शिक्षण बिघडू शकतं आणि पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया हा त्यातला ओळखीचा आजार. किडनीचा त्रास दुर्मीळ, पण होतो. गाठ काढून वर्षं उलटल्यावरसुद्धा.

बायोप्सीत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सगळं ठीक होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की किडनीच्या गाळणीवरच्या पेशींचे बारीक पाय सपाट झालेत. आजाराचं नाव ‘मिनिमल चेंज’, म्हणजे किरकोळ बदल. त्या किरकोळ बदलाने मायला पलंगावरून उठवत नव्हतं.

गाठ परतली नाही ना, यासाठी छातीचा सीटी स्कॅन झाला. परतली नव्हती. स्टेरॉइड सुरू झालं, काही आठवड्यांत सूज उतरली. आता गोळ्यांमुळे शुगरवर लक्ष ठेवावं लागतं.

पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेली ती जुनी फाइल आता माझ्या फोनमध्ये आहे, पानन् पान. नवा डॉक्टर काही विचारायच्या आत मी छातीपासून सांगायला सुरुवात करतो.