पत्ता : शाहूपुरी, व्हाया गूळ

न्यूयॉर्कला फिफ्थ ॲव्हेन्यू असेल, आमच्याकडे शाहूपुरी पाचवी गल्ली आहे. पुण्यातल्या रूममेटला मी पहिल्यांदा घरचा पत्ता लिहून दिला तेव्हा तिने विचारलं होतं, ‘‘गल्लीला नाव नाही का गं?’’ नाही. नंबरच. जुन्या कोल्हापुरात पेठांना वारांची नावं आणि स्टेशनजवळच्या या पेठेत थेट पहिली, दुसरी, तिसरी. कारण ही पेठ आपोआप वाढलेली नाही, ती मुद्दाम वसवलेली आहे.

वसवणाऱ्याचं वय ऐका. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. राज्याची सूत्रं हातात आली १८९४ मध्ये आणि गुळाची पेठ म्हणून शाहूपुरी उभी राहिली १८९५ मध्ये. म्हणजे आपण ज्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टायची गाठ मारायला शिकतो, त्या वयात हा माणूस बाजारपेठ वसवत होता. बॉस, याला म्हणतात स्टार्ट-अप!

जागेची निवडही हुशारीची. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. तोवर इथला माल बैलगाड्यांतून घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जायचा. रेल्वे आली आणि व्यापाराचं तोंडच फिरलं. ऊस पंचगंगेच्या काठी, गूळ गावोगावच्या गुऱ्हाळात, गिऱ्हाईक लांब गुजरातेत. मधे हवी होती एक पेठ, जिथे गाडीवानाला गाडी सोडता येईल, व्यापाऱ्याला वखार बांधता येईल आणि पलीकडेच रेल्वेची वॅगन उभी असेल. महाराजांनी व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या. गुजराती, मारवाडी, लिंगायत, मराठा अशी सगळी मंडळी आली. त्यात उशिराने का होईना, आमचे पणजोबाही आले आणि त्यांनी अडतीचं दुकान घातलं.

गूळ आता तुम्ही मॉलमध्ये घेता, ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या पाऊचमधून. मला तो कधीच पाऊचमधला वाटत नाही. लहानपणी आजोबा मला गुऱ्हाळावर न्यायचे. घाण्यातून निघालेला रस भल्या मोठ्या काहिलीत, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं धडधडून जळतायत. रसात रानभेंडीचा चिकट रस पडला की मळी वर यायची, ती काढून टाकायची. मग रस आटत जायचा, सोनेरी व्हायचा, बुडबुडे जड व्हायचे. आणि सगळ्यांची नजर गुळव्याकडे. थर्मामीटर नाही, टायमर नाही. तो पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायचा आणि एका क्षणी हात वर करायचा. तो क्षण चुकला तर सगळं आधण वाया. आजवर भेटलेल्या एकाही बॉसमध्ये मी एवढा कॉन्फिडन्स पाहिलेला नाही. काहील ओतली की आमच्या वाट्याला गरम काकवी आणि भाजलेल्या जिभा.

आजोबा म्हणायचे, ‘‘पिवळाधमक गूळ दिसला की दोन पावलं मागं सरायचं.’’ गिऱ्हाइकाला पिवळा रंग आवडतो म्हणून त्यात पावडरी पडायला लागल्या, याचा त्यांना मनापासून राग होता. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालं तेव्हा ते नव्हते. असते तर ‘‘शिक्का गुळाला मारलाय का रंगाला?’’ असं विचारलं असतं, हे नक्की.

पेठेमागोमाग बाकीचं आलं. १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. पुढे कित्येक वर्षं तिच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे. २००३ मध्ये मिल बंद पडली. घाणे आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री लोकांच्या हातांतून उद्यमनगर घडलं, लेथ आणि फाउंड्रीचं. गुळाचे सौदे मात्र शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेले. आजही दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात ते तिथेच. माझे काका अजून अडत करतात, यार्डात. शाहूपुरीत उरली आमची रिकामी वखार. जाड दगडी भिंती, सागवानी तुळया आणि पावसाळ्यात भिंतींतून येणारा गुळाचा आंबूस वास.

आणि पावसाळा म्हटलं की पाणी आलंच. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. आपल्या वाडवडिलांनी तळी बुजवून गाव वाढवलं. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान. शाहूपुरीच्या कडेने जयंती नाला जातो. एरवी त्याच्याकडे बघून नाक मुरडावं एवढीच त्याची औकात, पण पंचगंगा फुगली की तोही उलटा फुगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, शहर चहूबाजूंनी बंद. व्हीनस कॉर्नरला बोटी फिरत होत्या! कुंभार गल्लीत गणपती तोंडावर आलेले. अर्धे रंगवलेले बाप्पा हातोहात वरच्या मजल्यावर चढवले जात होते. बाबा आणि काका वखारीच्या जिन्यावर बसून पाणी कुठवर आलंय ते मोजत होते. भिंतीवर बाबांनी खडूने रेघ मारली, तारीख लिहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दुसरी रेघ पहिलीच्या वर गेली.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. प्रॉपर्टी कार्डावर त्यांच्या जागी आईचं आणि माझं नाव चढलं, आणि आता बिल्डरच्या कागदांवर माझी सही हवीय. वखार पाडून सहा मजले, खाली पार्किंग. आम्हाला दोन फ्लॅट आणि वर रोख. फ्रीलान्सरला ही रक्कम म्हणजे काय, हे ज्यांचा चेक महिना-महिना येत नाही त्यांनाच कळेल. आईचं म्हणणं एकच, ‘‘दगडाला कवटाळून बसू नकोस.’’ पुण्यात मी ‘मी जाते’ म्हणायला शिकले, कोल्हापूरला पोचले की आपोआप ‘मी जातो’ व्हायला लागतं, तसं या प्रश्नाचंही होतं. पुण्यात उत्तर सोपं असतं.

मागच्या महिन्यात काकांबरोबर वखारीत गेले. त्यांना म्हटलं, ‘‘काका, पार्किंगच्या मजल्याला ही रेघ कुठे येते, विचारलंय का त्याला?’’ काका बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘मला काय विचारतीस? तूच विचार की. तुझं नाव हाय कार्डावर.’’

विचारलं. आर्किटेक्ट म्हणाला, ‘प्लिंथ वाढवता येईल, पण एक मजला कमी होईल.’ एक मजला कमी म्हणजे आमचा एक फ्लॅट कमी. कागद अजून माझ्या बॅगेत आहेत. काल काकांचा फोन होता, पाडव्याच्या आत काय ते सांग म्हणाले. पाडव्याला त्यांना पहाटे उठून यार्डात जायचंय, सौद्याला.